कुत्रीचा विटाळ

आमच्या घरच्या कुत्रीला नाव नव्हतं. काकू तिला नुसतं 'गो' म्हणायची. आमच्या रत्नागिरीत आई लेकीला 'गो' म्हणते, मासे विकणारी गिऱ्हाइकालाही म्हणते; तसंच काकू कुत्रीला म्हणायची आणि कुत्री कान पाडून तिच्या पायाशी यायची. या हकिकतीत मी पुष्कळांवर रागावणार आहे. त्यांत मी स्वतःला वगळलेलं नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

माझे वडील मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत. वर्षातून एकदा, वैशाखात, बोटीने घरी येत आणि येताना बिघडलेल्या छपाईचा गठ्ठा आणत. शाई फासलेली, वाकडी कापलेली, एकाच बाजूला छापलेली पत्रकं. दारूबंदी, स्वदेशी कापड, विधवांचं केशवपन, देवी टोचून घ्याव्यात, देवी टोचून घेऊ नयेत. अंकलिपीच्या आधी मी ती वाचली. पत्रक लिहिणाऱ्याला शंका कधी येत नाही. त्याला खालच्या ओळीपर्यंत पोचायचं असतं आणि तिथे एक उद्गारचिन्ह त्याची वाट पाहत असतं. मीही तसाच बोलायला शिकलो. विसाव्या वर्षी मी शाळेत मास्तर होतो आणि गावात 'पत्रकवाला मास्तर' म्हणून ओळखला जात होतो. मला त्याचा अभिमान होता.

घरात काकू, मी आणि माझी बहीण. बहीण जन्मली आणि दहाव्या दिवशी आई गेली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. आम्हां दोघांना काकूने वाढवलं. काकू म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको; काका त्याआधीच गेले होते. घरातल्या सोवळ्या-ओवळ्याचा कायदा तिच्या हातात होता आणि त्यात माफी नव्हती. महिन्यातले चार दिवस बहीण मागच्या पडवीत बसायची. ताट दुरून सरकवायचं, पाणी वरून ओतायचं, तिच्या अंथरुणाला कुणी शिवायचं नाही. त्या चार दिवसांत तिला जवळ घेणारं या घरात एकच होतं. कुत्र्याला विटाळ लागत नाही, असं काकूच्या शास्त्रात होतं. म्हणून कुत्री बहिणीच्या मांडीवर डोकं टाकून चारही दिवस पडून राहायची. त्या पडवीतून बहिणीचं हसू ऐकू यायचं ते कुत्रीशी बोलतानाच.

मी या चालीविरुद्ध शाळेच्या ओट्यावर दोनदा भाषण केलं होतं. घरी मात्र ताट मी दुरूनच सरकवत होतो.

कुत्री दर वर्षी व्यायची. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत ती गोणपाटात घालून भाट्याच्या खाडीत सोडायची, हा आमच्या आळीचा रिवाज. आमच्या घरचं गोणपाट दोनदा मी नेलं. आत काय हलतंय ते न बघता नेलं आणि परतताना मनात दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची जुळवाजुळव करत आलो. कुत्री पुढे तीन-तीन दिवस पडवीचा कोपरान् कोपरा हुंगत फिरायची. पाचव्या खेपेला बहिणीने एक मादी पिल्लू भाताच्या कणगीमागे लपवलं. ते वाचलं. तिला आम्ही 'लेक' म्हणायला लागलो.

लेक चार-पाच महिन्यांची असताना आमच्या पाड्याला, म्हणजे तरण्या गोऱ्ह्याला, बडवून खच्ची करण्यासाठी गुरांचे डॉक्टर घरी आले. हे डॉक्टर घाटावरचे, सरकारी बदलीने इकडे आलेले, बोलायला रोखठोक. पूर्वी दगडाने बडवत. पाडा आठवडाभर विव्हळायचा. यांनी नवा चिमटा आणला होता. कातडी न फाटता दोन दाबांत काम झालं आणि पाडा गवताकडे वळला. काकू खूष झाली. तिने स्वतः कोकमाचं सरबत करून दिलं. डॉक्टर पेला हातात घेऊन ओटीवर बसले आणि त्यांची नजर कुत्रीच्या लोंबणाऱ्या थानांवर गेली.

"ही कितव्यांदा व्याली?"

"पाचव्यांदा," काकू दाराआडून म्हणाली.

"मग पिल्लू एवढंच?"

डॉक्टरांनी खाडीच्या दिशेला पाहिलं आणि सरबताचा घोट घेतला.

"दोघींना दवाखान्यात आणा. पिशवी काढून टाकतो. लेकीची तर आत्ताच काढलेली बरी."

"अगो बाई! पोट फाडणार?"

"आत्ता पाड्याचं केलं तेव्हा मला सरबत दिलंत."

"तो पाडा. त्याला नांगराला जुंपायचंय. ही बाईमाणूस आहे."

"ही कुत्री आहे, बाई."

"असली म्हणून काय? बाईमाणसाचं पोट ते."

डॉक्टर हसले, मग माझ्याकडे वळून सावकाश समजावू लागले. कुत्री माजावर येऊन गेली की गर्भाशय पिल्लांसाठी तयार होऊन बसतं, पिल्लं राहिली तरी आणि न राहिली तरी. वर्षानुवर्षं असं होत गेलं की आतलं अस्तर जाड होतं. मग कधीतरी त्यात जंतू शिरतात आणि पिशवीत पू धरतो. हे माजानंतर महिना-दीड महिन्याने दिसतं. तोवर लोक माज विसरलेले असतात. "उतारवयाच्या कुत्र्यांत मी हे फार पाहिलंय," ते म्हणाले. "ज्यांची पिशवी काढली त्यांच्यात एकदाही नाही. पिशवीच नाही तर पू धरणार कुठे? शिवाय गोणपाट लागणार नाही."

गोणपाट हा शब्द मला झोंबला. तो झोंबला म्हणूनच मी पेटलो. मी त्यांना निसर्गाच्या नियमावर व्याख्यान दिलं. ते उठून गेल्यावर मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'मुक्या मातेची हाक'. मातृत्व हा प्रत्येक जीवाचा जन्मसिद्ध हक्क आहे, सरकारी सुरीने तो कापता येणार नाही, असं त्यात होतं. खाली तीन उद्गारचिन्हं होती. वडिलांनी उरलेल्या कागदावर ते छापून पाठवलं आणि मी ते बाजारात, मांडवीच्या धक्क्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर वाटलं. एक गठ्ठा मुद्दाम दवाखान्यात नेऊन टाकला. खाडीत ज्याने दोन गोणपाटं सोडली त्याने मातृत्वावर पत्रक लिहिलं! आज हे लिहिताना हात स्वतःच्याच थोबाडावर जातो.

भाद्रपद लागता लागता कुत्री माजावर आली. या वेळी पिल्लं नकोतच म्हणून बहिणीने तिला तीन आठवडे मागच्या पडवीत साखळीला बांधून ठेवलं, दाराला कडी घालून. बाहेर आळीतले कुत्रे गळे काढत बसत. माज संपला. साखळी सुटली. सगळं पहिल्यासारखं झालं, असं मला वाटलं.

आश्विनात काकूने तिला पुन्हा पडवीत बांधलं.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. बाहेरची आहे ती."

"परत?"

"तुला काय करायचंय रे? लांबलाय तिचा विटाळ. पुरुषांनी विचारू नये ते."

आणि मी विचारलं नाही. हे वाक्य मला पुन्हा लिहावंसं वाटतं. शाळेच्या ओट्यावर विटाळाविरुद्ध घसा फोडणारा मी, त्या एका वाक्यासरशी मान खाली घालून ओटीवर जाऊन बसलो. कुत्री पडवीत दहा-बारा दिवस होती. काय वाहत होतं, त्याचा रंग काय, वास कसा, हे काकूने पाहिलं होतं, बहिणीने पाहिलं होतं. पण विटाळ म्हटलं की त्याकडे बघायचं नसतं, हात लावायचा नसतो, बोलायचं तर मुळीच नसतं. तो आपोआप संपायचा असतो. माणसाच्या बाईला जो कायदा, तोच कुत्रीला लावला होता. एरवी कुत्र्याला विटाळ नाही म्हणणाऱ्या काकूने या एकाच बाबतीत तिला बाईमाणूस ठरवलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर ते वाहणं थांबलं. घरात हायसं वाटलं. सण बिनविटाळाचा होणार! नरकचतुर्दशीला आमची अंघोळ झाल्यावर काकूने उरलेलं उटणं आणि कढत पाणी घेऊन कुत्रीला विहिरीवर न्हाऊ घातलं, पुसलं आणि माजघरापर्यंत येऊ दिलं. लेक तिच्याभोवती नाचली. कुत्री मात्र उभ्या उभ्या थरथरत होती. थंडी वाजत असेल, असं आम्ही म्हणालो.

तिने फराळाला तोंड लावलं नाही. गुरांच्या दोणीतलं पाणी मात्र ती पीतच सुटली. प्यायची, ओकायची, पुन्हा प्यायची. पाडव्यापर्यंत पोट फुगून ताशासारखं ताणलं.

"गाभण आहे," काकू म्हणाली. "गुळपाणी द्या तिला. बघा गो, साखळी घालून काय उपयोग झाला!"

बहीण चुलीपाशी होती. ती वळली. इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"गाभण नाही ती."

"तुला गो काय कळतं?"

"तीन आठवडे मी कडी काढली नाही. त्यातले चार दिवस तर मी तिच्याजवळच बसलेली होते. मांजरसुद्धा आत आलं नाही. मग गाभण कशी?"

मला डॉक्टरांचं ओटीवरचं बोलणं आठवलं. माजानंतर महिना-दीड महिन्याने. मी दवाखान्यात धावलो.

डॉक्टर घोड्याचा खूर बघत होते. "या, लेखक महाशय," ते म्हणाले. त्यांचा कंपाउंडर पुड्या बांधत होता. मीठ, सोडा, कसली तरी पांढरी भुकटी. पुड्यांच्या कागदावर 'मुक्या मातेची हाक' होती.

"कागद बरा आहे हो, मास्तर," कंपाउंडर म्हणाला. "फाटत नाही. अजून असला तर आणा."

मी ते गिळलं आणि लक्षणं सांगितली. डॉक्टरांनी खूर सोडला.

"स्राव होता?"

"होता. थांबला."

"रंग? पातळ, घट्ट? वास?"

मला माहीत नव्हतं. माझ्या घरात, माझ्या झोपायच्या जागेपासून पंधरा पावलांवर बारा दिवस जे चाललं होतं, त्यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

"मग विचारून या," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर तिला घेऊनच या. पण लवकर."

मी घरी आलो आणि विचारलं. काकूने तोंड फिरवलं. "सांगितलं ना, विटाळ. त्या परपुरुषाला काय वर्णन करून सांगणार आहेस, शिंच्या?"

मग मात्र मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं आठवत नाही. तिच्या सोवळ्याला आग लावीन, असं काहीतरी. लेक घाबरून चुलीमागे गेली. बहिणीने बोलायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा लाजेने लाल झाला; शब्दच निघेना. कारण त्यासाठी तिला कुणी शब्द दिलेच नव्हते. 'बाहेरची', 'लांब', 'कावळा शिवला' एवढंच शिकवलं होतं. त्यातून पू कसा सांगायचा?

काकू भिंतीला टेकून खाली बसली.

"तांबूस-पिवळा होता," ती शेवटी म्हणाली. "घट्ट. पहिल्यापासून तसाच."

"आणि वास?"

"वास..." तिने कुत्रीकडे पाहिलं. "तुझ्या आईच्या खोलीत होता, तो."

बहीण हातातली वाटी धरून तशीच उभी राहिली.

"सहाव्या दिवसापासून येत होता," काकू म्हणाली. "धुरी घालून घालून मी तो झाकत होते. सिव्हिलचा डॉक्टर ओटीपर्यंत आला होता. ताप आहे एवढंच त्याला सांगितलं. बाळंतिणीचं ते कसं सांगायचं? तुझ्या बाबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही."

पंधरा वर्षं मी ऐकत आलो होतो की आई तापाने गेली.

ज्या बाईने आयुष्यात सोवळ्यात चूक केली नाही, तिने त्या कुत्रीला उचलून छातीशी धरलं, पदराने झाकलं आणि दगडी पाखाडीच्या पायऱ्या भरदिवसा चढायला लागली. मी मागे. आळीतल्या बायका दारात आल्या.

"अहो काकू, कुत्रीला कडेवर?"

काकू चढत राहिली. दवाखान्यात गेल्यावर तिने डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून, पदर न सावरता, रंग सांगितला, घट्टपणा सांगितला, वास सांगितला, दिवस सांगितले. एकही शब्द झाकला नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं.

"तोंड मिटलंय पिशवीचं. म्हणून स्राव थांबला. वाहत होता तोवर विष थोडं तरी बाहेर जात होतं."

"थांबला तेव्हा मी न्हाऊ घातलं तिला," काकू म्हणाली. "सण साजरा केला."

डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म दिला. मी पुढचे पाय धरले. पोटातून जे निघालं ते मी पाहिलं, कारण न पाहण्याचा हक्क मी घालवला होता. मनगटाएवढ्या जाड, गाठीगाठींच्या दोन नळ्या, पुवाने टच्च भरलेल्या. चिनीमातीचं मोठं भांडं भरून गेलं. आमच्या मातृत्वाच्या हक्काने एवढं साठवलं होतं.

ती शुद्धीवर आली. दुसऱ्या दिवशी काकूच्या हातून चार चमचे पेज प्यायली आणि आम्हाला आशा वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या पडवीतच गेली. विष रक्तात भिनलं होतं, डॉक्टर म्हणाले.

"आठ दिवस आधी आणली असती तर?" मी विचारलं.

"तर कदाचित." ते हात धुवत होते. "मी सांगितलं तेव्हा आणली असती, तर आज तिच्या पोटात बिघडायला काही उरलंच नसतं."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात विहिरीवर शेजारीण काकूला म्हणाली, "काय बाई एकेकाचे लाड! कुत्रीला क्लोरोफॉर्म. सख्ख्या जावेला नाही मिळाला तो!"

"नाही मिळाला," काकू म्हणाली. "तेच तर." आणि रहाट ओढत राहिली.

पंधरा दिवसांनी काकूनेच लेकीच्या गळ्यात दोरी बांधली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुझं निसर्गाचं व्याख्यान नको मला. चल." लेकीचा पहिला माज अजून आला नव्हता. तिची पिशवी निघाली ती बोटभर, गुलाबी, स्वच्छ. डॉक्टरांनी ती काकूला मुद्दाम दाखवली आणि काकूने दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिली. लेक चौथ्या दिवशी टाके चाटायला बघू लागली म्हणून बहिणीने जुन्या पोलक्याची बंडी शिवून तिला घातली. दहाव्या दिवशी ती बंडी फाडून मोकळी झाली. पुढे आळीतले कुत्रे भाद्रपदात आमच्या दाराशी कधी बसले नाहीत.

मी नवं पत्रक लिहिलं. जुन्यातलं एकूण एक वाक्य खोडून काढलं. कुत्रीला काय होतं, कधी होतं, काय बघायचं, काय विचारायचं, पिशवी वेळेवर काढली तर काय टळतं. पू हा शब्द होता, गर्भाशय होता, वास होता. शेवटी बाळंतिणींबद्दल चार ओळी होत्या. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. वडिलांनी ते न छापता परत पाठवलं. सोबत पत्र होतं: 'असले शब्द मी हाताने जुळवणार नाही. आपल्या घराण्यातून असलं काही बाहेर पडू नये.'

दारूबंदीपासून केशवपनापर्यंत सगळे शब्द या माणसाच्या बोटांखालून गेले होते. ज्या शब्दांवाचून त्याची बायको मेली, तेवढे त्याला जुळवता येईनात. मी त्यांना काय उत्तर लिहिलं ते इथे देत नाही. ते अजून मला मागे घ्यावंसं वाटलेलं नाही. पत्रकाच्या चाळीस प्रती मी हाताने काढल्या, बहिणीने वीस काढल्या. दवाखान्याच्या दारावर एक चिकटवली. कंपाउंडर म्हणाला, "याच्या पुड्या बांधणार नाही, मास्तर."

बहीण अजून मागच्या पडवीत बसते. काकूने ती चाल सोडलेली नाही. त्यावरून आमचं आजही भांडण होतं आणि होत राहील. मात्र त्या दिवाळीनंतर ताट मी दुरून सरकवत नाही, हातात देतो. काकू मला रागाने अंघोळीला पाठवते, मी जात नाही.

आणि आणखी एक. बहीण बाजूला बसली की दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पडवीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहते. मी तिथे असलो तरी मला हाकलत नाही.

"दुखतंय का गो जास्त?" ती विचारते. "ताप? वास कसला येत नाही ना?"

पहिल्या खेपेला बहिणीने मान खाली घातली होती. आता ती लेकीच्या मानेवर हात ठेवून सरळ वर बघते.

"नाही गो काकू. काही नाही."

"असलं तर सांगशील?"

"सांगेन."